देस म्हणजे आहे? थांबा जरा! जपानी नामवाक्यात मी जिथे जिथे अडकले ते सगळं

जपानीच्या पहिल्याच तासाला मी वहीत लिहिलं होतं, देस = आहे, आणि खाली दोन रेघा पण मारल्या होत्या. त्या दोन रेघांनी पुढे चार महिने रडवलं. तोंडी परीक्षेला सेन्सेईंनी (म्हणजे आमच्या बाईंनी) घरच्यांबद्दल विचारलं, मला सांगायचं होतं की मला एक धाकटा भाऊ आहे, तर मी ठणकावून म्हणाले "वाताशि वा ओतोतो देस". म्हणजे, मी धाकटा भाऊ आहे. अख्खा वर्ग हसला, सेन्सेई पण हसल्या, आणि मला कळेचना चुकलं काय, कारण मराठीत "आहे" तर होतंच ना वाक्यात.

तर हे त्यांच्यासाठी जे आत्ता एन५ ला (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची पहिली पातळी) आहेत, किंवा एकदा सोडून परत सुरू करतायत. "अमुक म्हणजे तमुक आहे" अशा वाक्यांचंच ग्रामर आहे हे, म्हणजे शेवटी नाम आणि त्याला लागणारं शेपूट. क्रियापदांचं प्रकरण वेगळं, ते इथे नाही.

काय काय लागेल

- जपानी लिप्या: हिरागाना पक्की, काताकाना निदान वाचता येण्यापुरती. रोमन अक्षरात शिकत बसू नका, नंतर सवय सुटत नाही
- चौकटीची वही आणि पेन्सिल (पेन नको, खोडायचं भरपूर आहे)
- फोनमधे जपानी कीबोर्ड, सेटिंगमधे जाऊन भाषा ॲड केली की झालं, पैसे लागत नाहीत
- जिशो नावाची ऑनलाइन डिक्शनरी
- आपली मराठी. हे गंमत म्हणून नाही लिहिलंय, पायरी २ ला कळेल

उच्चारांचं एक आधीच सांगून ठेवते. लिहिताना दे-सु अशी दोन अक्षरं असतात पण बोलताना शेवटचा उ जवळजवळ गिळतात, म्हणून मी इथे देस लिहिणार. वा हे पार्टिकल (नामाला चिकटणारा छोटा शब्द, आपल्या प्रत्ययासारखा) लिहायचं "हा" च्या अक्षराने आणि वाचायचं वा, पहिल्या आठवड्यात सगळेच याला ठेचकाळतात. आणि "ज्या नाइ" (नकाराचं शेपूट, पुढे येईलच) असं मुद्दाम लिहितेय, कारण नुसतं "जा" लिहिलं की आपण "घरी जा" मधला ज काढतो, इथे "जीवन" मधला ज हवा.

पायरी १: सांगाडा बसवा

अमुक वा तमुक देस. बस.

वाताशि वा पातिरु देस: मी पाटील आहे.
कोरे वा होन देस: हे पुस्तक आहे.

आपल्याला इथे फार फायदा आहे. शेपूट शेवटी येतं, मराठीसारखंच. शिवाय आपलं आहे, आहेस, आहात, आहोत, आहेत हे सगळं लटांबर तिकडे नाहीच, मी असो तू असो ते दहा जण असोत, देस ते देसच. लिंग नाही, वचन नाही. "उद्या सुट्टी आहे" म्हणताना आपण भविष्यकाळ वापरत नाही ना, ते पण वापरत नाहीत, आशिता वा यासुमि देस.

प्रश्न करायचा तर शेवटी का लावा. हो, का! गाकुसेइ देस का, विद्यार्थी आहात का. आणि "ना" च्या जागी ने, सो देस ने म्हणजे "हो ना, खरंय". योगायोग आहे पण फुकट मिळतोय तर घ्या. "चा-ची-चे" च्या जागी एकच नो, पुने नो दाइगाकु, पुण्याचं विद्यापीठ.

इथले सापळे:

स्वतःच्या नावाला सान लावू नका. पातिरु-सान देस असं स्वतःबद्दल म्हणणं म्हणजे "मी पाटीलसाहेब" असं स्वतःच सांगणं.

समोरच्याला आनाता म्हणू नका, सेन्सेईंना तर अजिबात नाही. पुस्तकात आनाता म्हणजे "तुम्ही" दिलेलं असतं पण प्रत्यक्षात नाव घेऊन सान लावतात नाहीतर सरळ गाळून टाकतात. वाताशि वा पण प्रत्येक वाक्यात नको, एकदा सांगितलं की पुढे कळतं.

हाइ, सो देस हे उत्तर फक्त नामाच्या प्रश्नाला चालतं. इशा देस का (डॉक्टर आहात का) ला सो देस बरोबर. पण आत्सुइ देस का (गरम होतंय का) ला हाइ, आत्सुइ देस असं शब्द परत घेऊनच उत्तर द्यायचं.

पायरी २: नव्हे टेस्ट (हीच माझी सगळ्यात कामाची युक्ती)

आता त्या दोन रेघांकडे येऊ. आपलं "आहे" दोन कामं करतं. एक, तो डॉक्टर आहे, म्हणजे तो कोण ते सांगणं. दोन, तो घरी आहे, म्हणजे कुठे आहे, मुळात आहे की नाही ते सांगणं. जपानीत ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याला देस. दुसऱ्याला निर्जीव असेल तर आरिमास आणि माणूस-प्राणी असेल तर इमास.

काने वा इशा देस असं नका लिहू बरं का, तो म्हणजे कारे. काने म्हणजे पैसे, मी लिहिलंय एकदा. तर,

कारे वा इशा देस: तो डॉक्टर आहे.
हाहा वा उचि नि इमास: आई घरी आहे.
त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास: टेबलावर पुस्तक आहे.
ओतोतो गा इमास: मला धाकटा भाऊ आहे. (हेच म्हणायचं होतं मला त्या दिवशी.)

आता कुठलं "आहे" कुठल्या खात्यातलं हे पटकन ओळखायचं कसं? कोण-काय ला देस आणि कुठे-आहे-का ला आरिमास-इमास असं क्लासमधे सांगतात, ते बरोबरच आहे, पण बोलताना एवढा विचार करायला वेळ नसतो. मला एक दिवस बसमधे सुचलं की मराठीत नकाराचे दोन शब्द आहेत, नाही आणि नव्हे. "तो डॉक्टर नाही" पण चालतं आणि "तो डॉक्टर नव्हे" पण चालतं, जरा नाटकी वाटेल पण चालतं. "मला भाऊ नव्हे" म्हणून बघा. "माझ्याकडे पेन नव्हे." "फ्रीजमधे दूध नव्हे." कानाला लगेच खटकतं ना? झालं तर मग. जिथे नव्हे बसतं तिथे देस. जिथे नुसतं नाहीच बसतं तिथे आरिमास किंवा इमास. आपल्या आज्ज्या जो शब्द सर्रास वापरायच्या आणि आपण विसरत चाललोय तो जपानीत असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

एक अपवाद सांगते, नाहीतर कोणीतरी पकडेलच. "घरी नव्हे, ऑफिसात आहे" असं खोडून काढताना नव्हे कुठेही बसतं. टेस्ट करताना पुढे दुरुस्ती जोडू नका, वाक्य नव्हे वरच संपवा.

आणि दुसरी बाजू अशी की देस प्रत्येक वेळी तंतोतंत "बरोबर" चं चिन्ह नसतं. हॉटेलात चौघं बसलेत, वेटर आलाय, एकजण म्हणतो बोकु वा उनागि दा. शब्दशः "मी ईल मासा आहे" (दा म्हणजे देसचंच मित्रांमधलं रूप, पायरी ७ ला येईल). जपानी भाषा शिकवणाऱ्यांचं हे लाडकं उदाहरण आहे आणि परदेशी विद्यार्थी त्यावर तासभर डोकं खाजवतात, आपल्याला मात्र काही विशेष वाटू नये कारण आपण पण म्हणतोच की, "मी मिसळ, हा वडा सांबार". तसंच तोइरे वा दोको देस का, टॉयलेट कुठे आहे, इथे खरं तर दोको नि आरिमास का असं पण चालतं आणि नुसतं देस पण चालतं. देस सोयीने क्रियापदाची जागा भरून काढतो. पण हे शॉर्टकट नंतरचे, आधी दोन खाती वेगळी ठेवायची सवय लावा.

"होता" आणि "झाला" मधे पण गोंधळ करू नका. डॉक्टर होता म्हणजे इशा देशिता, डॉक्टर झाला म्हणजे इशा नि नारिमाशिता, ते वेगळंच क्रियापद.

पायरी ३: चार खुंट्या

गाकुसेइ घेऊन चारही रूपं, आदरार्थी:

आहे: गाकुसेइ देस
नाही: गाकुसेइ ज्या आरिमासेन
होता: गाकुसेइ देशिता
नव्हता: गाकुसेइ ज्या आरिमासेन देशिता

ज्या हे देवा चं घाईतलं रूप आहे. लिहिताना, भाषणात देवा आरिमासेन, बोलताना ज्या आरिमासेन, आणि रोजच्या बोलण्यात ज्या नाइ देस हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. तिन्ही बरोबर.

मला खूप दिवस प्रश्न पडायचा की नकारात आरिमासेन आलं कुठून, आपण तर म्हटलं आरिमास वेगळं खातं. तर मुळात दे आरु असं रूप होतं (अजूनही लेखी भाषेत आहे), त्यात दे हे पार्टिकल आणि आरु म्हणजे असणे, आरिमासचंच साधं रूप. होकारात ते आक्रसून दा झालं, नकारात सुटं राहिलं. म्हणून तो दे, वा, आरिमासेन असा तुकड्यातुकड्यांचा प्रकार. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही, निदान मला तरी.

परीक्षा देणार असाल तर जेएलपीटी आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमधे असते, पुण्यातही सेंटर आहे. एन५ ला १८० पैकी ८० लागतात, पण शब्द-ग्रामर-वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ असे वेगवेगळे पण हवेत. ऐकण्यात ज्या नाइ देस का असं वर चढत्या सुरात आलं तर तो नकार नसतो, "असंच ना?" असतं, तिथे मार्क जातात.

पायरी ४: विशेषणाला देस लावताना हात आवरा

इथे दोन जाती आहेत. एक इ वाली, ताकाइ (उंच, महाग), आत्सुइ (गरम). दुसरी ना वाली, शिझुका (शांत), युमेइ (प्रसिद्ध). ना वाली नामासारखी वागतात, वरच्या चारही खुंट्या तशाच. इ वाली स्वतःच काळ बदलतात, देस फक्त आदर म्हणून मागे उभा असतो.

काल गरम होतं: किनो वा आत्सुकात्ता देस. आत्सुइ देशिता चूक.
गरम नाही: आत्सुकुनाइ देस. आत्सुइ ज्या आरिमासेन चूक.
आणि आत्सुइ दा तर कधीच नाही.

गंमत म्हणजे इ विशेषणापुढे देस लावणं हे जपान्यांना पण पूर्वी खटकायचं, १९५२ साली तिकडच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने आदरार्थी भाषेवर जे मार्गदर्शन दिलं त्यात ते मान्य केलं. त्यामुळे ते जोडकाम वाटतं कारण ते आहेच जोडकाम.

सापळा: किरेइ (सुंदर, स्वच्छ) आणि किराइ (नावडतं) हे शेवटी इ असूनही ना वाले आहेत. किरेकुनाइ म्हणालात की संपलं. किरेइ ज्या नाइ.

पायरी ५: वा की गा

यावर लोक आयुष्य काढतात, मी दोन ओळीत सांगते, सुरुवातीला पुरतं. वाताशि वा पातिरु देस म्हणजे "मी पाटील". वाताशि गा पातिरु देस म्हणजे "मीच पाटील", कोणीतरी विचारलं असेल की पाटील कोण तेव्हा. म्हणजे नामवाक्यात गा ऐकलं की मनात "च" लावून बघा. आणि कोण, काय, कुठला हे शब्द कर्त्याच्या जागी असले की त्यांच्यापुढे गाच येतो, दारे वा असं नाही म्हणायचं.

पायरी ६: दोन वाक्यं जोडायची तर दे

वाताशि वा इन्दोजिन दे, एन्जिनिआ देस. मी भारतीय असून इंजिनियर आहे. "असून" म्हटल्यावर आपलं वाक्य सरकारी पत्रासारखं होतं पण दे मधे तसं काही नाही, साधं रोजचं आहे. नकारात ज्या नाकुते: कोही ज्या नाकुते, ओचा देस, कॉफी नाही, चहा. हॉटेलात पहिल्या दिवसापासून उपयोगी.

पायरी ७: देस उतरवून दा घाला

मित्रांमधे, घरात, डायरीत देस ऐवजी दा. गाकुसेइ दा, गाकुसेइ ज्या नाइ, गाकुसेइ दात्ता, गाकुसेइ ज्या नाकात्ता. (आमच्या वर्गात दत्ता नावाचा मुलगा होता, भूतकाळ आला की सगळे त्याच्याकडे बघायचे.)

पण नुसता दा वाक्याच्या शेवटी ठोकला की जरा ठासून सांगितल्यासारखं, कोरडं वाटतं. बोलताना एकतर दा यो, दा ने असं मऊ करतात नाहीतर गाळतातच. आपण पण "हा माझा भाऊ" एवढंच म्हणतो, आहे म्हणत नाही, तसंच. आणि कॅज्युअल प्रश्नात दा का असं नाही विचारत, गाकुसेइ? असा नुसता सूर चढवायचा.

पायरी ८: दा च्या पुढे काय आलं ते बघा

एन४ ला जाताना सगळ्यांचं तारू इथे फुटतं, तेव्हा आत्ताच वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा. दा कधी राहतो, कधी गळतो, कधी ना होतो, कधी नो होतो, आणि हे सगळं मागच्या नामावर नाही, पुढे येणाऱ्या शब्दावर ठरतं.

राहतो: तो ओमोउ (असं वाटतं), कारा (म्हणून), केदो (पण), शि (शिवाय), आणि ऐकीव बातमीचं सो देस. गाकुसेइ दा सो देस, विद्यार्थी आहे म्हणे.

गळतो: देशो (असेल बहुतेक), कामो शिरेमासेन (असेलही), मिताइ आणि राशी (दिसतंय तसं), नारा (असेल तर). गाकुसेइ देशो. गाकुसेइ दा देशो नाही.

ना होतो: नोदे (म्हणून, जरा सभ्य), नोनि (असूनही), आणि कारण सांगतानाचं न देस. गाकुसेइ ना न देस, "अहो, विद्यार्थी आहे ना मी".

नो होतो: पुढे तोकि (तेव्हा), यो देस (वाटतंय), हाझु (असायला हवं) किंवा दुसरं नाम आलं की. गाकुसेइ नो तोकि, विद्यार्थी असताना. ना विशेषण असेल तर इथे नो ऐवजी ना, शिझुका ना तोकि.

बघा, कारा आणि नोदे दोन्ही "म्हणून" आहेत पण एकात दा कारा आणि दुसऱ्यात ना नोदे. याला युक्ती सापडली नाही मला, शंभर वेळा मोठ्याने म्हणणे हीच युक्ती.

दोन ठिकाणी विशेष जपा. पहिलं, "मला वाटतं तो विद्यार्थी आहे" हे गाकुसेइ देस तो ओमोइमास असं लिहायचा मोह होतो कारण आपल्याला सगळीकडे आदर द्यायचा असतो. पण तो च्या आतलं वाक्य साधं, गाकुसेइ दा तो ओमोइमास, आदर शेवटच्या ओमोइमास ने दिलेलाच आहे. एकदा दारात नमस्कार केला की प्रत्येक खोलीत परत करत नाही आपण. दुसरं, नो. इशा नो तोमोदाचि म्हणजे "डॉक्टरचा मित्र" पण होऊ शकतं आणि "डॉक्टर असलेला मित्र" पण, कारण हा नो कधी "चा" असतो आणि कधी दा ने वेष बदललेला असतो. वाचनाच्या उताऱ्यात संदर्भ बघूनच ठरवा, पहिला अर्थ डोक्यात आला म्हणून तोच धरू नका.

सराव कसा करायचा: रोज एक नाम घ्या, वरच्या सगळ्या शब्दांपुढून एकदा फिरवा, फोनमधे रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासा. दहा मिनिटं. अडखळाल तिथे पेन्सिलने खूण. तीन आठवड्यांनी माझ्या पानावर फक्त नोनि च्या खुणा उरल्या होत्या.

पायरी ९: पुस्तकाबाहेर कानावर पडेल ते

दे आरु हे लेख, रिपोर्ट, प्रबंधात दिसतं, बोलताना कोणी वापरत नाही, तुम्ही वापरलंत तर भाषण ठोकताय असं वाटेल. दुकानात, फोनवर दे गोझाइमास ऐकाल, ते दुकानदाराचं, स्वतःकडे नम्रपणा घेऊन बोलायचं. गिऱ्हाइकाला विचारताना मात्र तो तानाका-सामा दे इराश्शाइमास का असं म्हणणार. ही दोन रूपं अदलाबदल करू नका, स्वतःला इराश्शाइमास लावलंत तर परत तेच, मी पाटीलसाहेब.

आणि ओसाका-क्योतो कडे गेलात तर दा शोधत बसू नका, तिकडे या म्हणतात. गाकुसेइ या, भूतकाळ यात्ता. अजून पश्चिमेला हिरोशिमाकडे ज्या म्हणतात, ज्या नाइ मधला नाही बरं, हा होकाराचा. कामानिमित्त ओसाकाला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला पहिल्या आठवड्यात ऑफिसमधे सगळे सारखे "सो या ना, सो या ना" करताना दिसायचे, तिला वाटलं कॅन्टीनमधल्या सोया सॉसबद्दल चाललंय. "हो ना" म्हणत होते बिचारे.